नऊवारीचा स्प्राइट कोण काढणार?

संभाजीनगर-परभणीकडच्या चित्रकार पोरांमध्ये सध्या एक वाद पेटलाय. गेमसाठीची चित्रं (त्यातल्या पात्रांची ती स्प्राइट) मुक्त परवान्याखाली सगळ्यांना वापरू द्यावीत, त्यासाठी मराठवाड्यातल्या कलाकारांनी ऑनलाइन एकत्र यावं, असं काही जण म्हणतात. बाकीचे विचारतात, मग पोट कशावर भरायचं? माझा भाचा या दुसऱ्या गटातला. "मावशी, तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय?" हे मला लागलं, कारण ते खरं आहे.

मी राहते त्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं नि अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर वाढलं. इकडचे लोक आपलं काम सहज वाटून टाकतात, असं गावाकडं कौतुकानं सांगतात. पण २००२ साली ब्लेंडरचा सोर्स कोड गुंतवणूकदारांकडून सोडवून सगळ्यांना खुला करायला १ लाख युरो लागले, आणि लोकांनी ते वर्गणी काढून सात आठवड्यांत उभे केले. २००८च्या 'बिग बक बनी' या लघुपटाच्या फाइली सगळ्यांना खुल्या झाल्या, पण त्या करणाऱ्या कलाकारांना इथं बोलावून मानधन दिलं होतं. कौतुक सांगताना नेमकं हेच गाळलं जातं.

२०१२च्या लिबरेटेड पिक्सेल कप या मुक्त गेम-चित्रांच्या स्पर्धेतून निघालेला चित्रसंच आजही छोटे गेमवाले वापरतात. जमिनीचा तुकडा ३२ बाय ३२ पिक्सेलचा. माणसाचं अंग, कपडे, केस वेगवेगळे, एकावर एक चढवायचे. त्यात नऊवारी घालायची तर समोरून निऱ्या, मागून काष्टा, डाव्या-उजव्या बाजूनं पदर वेगळा, आणि पाऊल उचललं की पोटरी दिसली पाहिजे. आजीला रानात खुरपताना ज्यानं बघितलंय त्यालाच हे जमणार. परभणीकडच्या वालूरची गोल फिरत उतरणारी बारव, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन, हेही तसंच.

चित्र उद्या कुणी विकलं तर, ही भाच्याची दुसरी भीती. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय-एसए' या शेअर-अलाइक, म्हणजे 'घ्या तसंच पुढं वाटा', परवान्यात विकायची मुभा असतेच. मात्र चित्रकाराचं नाव द्यावंच लागतं, आणि फेरफार करून वाटलेलं चित्रही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. हे पटत नसेल त्यानं फाइल टाकूच नये.

माझं मागणं आहे ते परदेशातल्या आपल्या लोकांकडं. गणपतीची वर्गणी आपण इथंही काढतो. तशीच काढून पहिल्या संचाची मजुरी भरू या: नऊवारी, फेटा, बारव, बाभूळ. दर चित्रकारांनी ठरवावा. पैसे आधी त्यांच्या खात्यात पडावेत, फाइली त्यानंतर खुल्या व्हाव्यात.