बर्ड यांची खोटी डायरी आणि खरी वही

अमेरिकन नौदलाचे अ‍ॅडमिरल रिचर्ड बर्ड १९४७ साली विमानाने उत्तर ध्रुवापलीकडे गेले. तिथे त्यांना हिरवंगार खोरं दिसलं, जिवंत मॅमथ दिसला, पृथ्वीच्या पोटात राहणारे प्रगत लोक भेटले. त्याच सुमारास अंटार्क्टिकावर त्यांच्या आरमाराला नाझींच्या उडत्या तबकड्यांनी पिटाळून लावलं. मग सरकारने त्यांचं तोंड बंद केलं आणि देशादेशांनी करार करून अख्खा खंड कुलूपबंद केला. या मजकुराचे फॉरवर्ड आणि व्हिडिओ अधूनमधून डोकं वर काढतात, आणि आपल्याकडे येताना 'पुराणांत पाताळलोक सांगितलाच आहे' ही पुस्तीही त्यांना चिकटते. पुराणांना अमेरिकन अ‍ॅडमिरलच्या साक्षीची गरज का पडावी, हे मला कळलेलं नाही. ते असो. दावे एकेक करून पाहू.

सगळा डोलारा उभा आहे तो बर्ड यांची म्हणून फिरणाऱ्या 'गुप्त डायरी'वर. तिच्यातल्या उत्तर ध्रुवाच्या उड्डाणाची तारीख आहे १९ फेब्रुवारी १९४७. त्या वेळी बर्ड अमेरिकन नौदलाच्या 'ऑपरेशन हायजम्प' या मोहिमेवर पृथ्वीच्या बरोबर उलट टोकाला होते, अंटार्क्टिकातल्या रॉस हिमपट्टीवर 'लिटल अमेरिका' तळावर. २९ जानेवारीला 'फिलिपीन सी' या विमानवाहू जहाजावरून त्यांचं डकोटा जातीचं विमान रॉकेटांचा जोर लावून उडालं आणि तळावर उतरलं. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी दक्षिण ध्रुवावरून उड्डाण केलं आणि २३ तारखेला तळ सोडला. मोहिमेसोबत वार्ताहर होते, रोजच्या बातम्या जात होत्या. अशा गर्दीतून निघून आर्क्टिक गाठायचं, पाताळात फेरी मारायची आणि कुणाला पत्ता न लागता परत यायचं, हे काम उडत्या तबकडीलाही अवघड. शिवाय उत्तर ध्रुवावर फेब्रुवारीत सूर्यच नसतो. तो उगवतो मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास. टेहळणीसाठी कुठला वैमानिक तो महिना निवडेल? बर्ड यांचे कागद ओहायो स्टेट विद्यापीठात जपून ठेवले आहेत. ही डायरी त्यांत नाही. ती छापून बाहेर आली तीच मुळी ते वारल्यावर अनेक वर्षांनी.

'पण ध्रुवापलीकडच्या भूमीबद्दल ते स्वतः टीव्हीवर बोलले होते!' हो, बोलले होते. डिसेंबर १९५४ मधली ती मुलाखत खरी आहे आणि आजही पाहता येते. लिटल अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर दक्षिण ध्रुवाच्या पलीकडे जवळपास अमेरिकेएवढा प्रदेश आहे आणि तो अजून माणसाने पाहिलेला नाही, असं ते सांगतात. फॉरवर्डवाले इथेच कात्री चालवतात. नकाशा समोर घ्या. लिटल अमेरिका रॉस समुद्राच्या काठी. तिथून ध्रुवाकडे तोंड केलं की पलीकडे येतो पूर्व अंटार्क्टिका, त्याच खंडाचा मोठा आणि उंच भाग. १९५४ साली त्याचा बहुतेक अंतर्भाग खरोखरच कोरा होता. तीनच वर्षांनी, डिसेंबर १९५७ मध्ये, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तिथे व्होस्तोक हे ठाणं उभारलं. पायाखाली साडेतीन किलोमीटरहून जास्त जाडीचा बर्फ. जुलै १९८३ मध्ये तिथलं तापमान उणे ८९.२ अंशांवर उतरलं. मॅमथलाही तिथे हुडहुडी भरली असती.

हिरव्या खोऱ्याची कल्पना कुठून आली असावी, याचा माझा अंदाज आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये याच मोहिमेतला वैमानिक डेव्हिड बंगर याला पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत अचानक उघडे तपकिरी डोंगर दिसले, आणि त्यांच्यामध्ये निळ्या-हिरव्या पाण्याची तळी. पुढे तो पुन्हा तिथे गेला, आपलं समुद्री विमान चक्क एका तळ्यावर उतरवलं आणि पाण्याचा नमुना बाटलीत भरून आणला. पाणी मचूळ निघालं. रंग शेवाळाचा होता. पण वर्तमानपत्रांनी तोवर बर्फातलं नंदनवन उभं करून टाकलं होतं. त्या जागेला आज बंगर टेकड्या म्हणतात. खडक, तळी, दगडफूल आणि शेवाळ, एवढीच तिथली संपत्ती. माझ्या लेखी ही खरी हकिकत त्या डायरीहून जास्त रंगतदार आहे.

आता ते तबकड्यांशी झालेलं तथाकथित युद्ध. 'ऑपरेशन हायजम्प' १९४६-४७ च्या अंटार्क्टिक उन्हाळ्यात झालं. १३ जहाजं, सुमारे ४,७०० माणसं. एवढा लवाजमा कशाला? दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, सोव्हिएत संघाशी बिनसत चाललं होतं आणि पुढची लढाई आर्क्टिकच्या गारठ्यात होईल असं नौदलाला वाटत होतं. त्या थंडीत जहाजं, विमानं आणि माणसं टिकतात का ते पाहायचं होतं. अंटार्क्टिकावर अमेरिकेचा हक्क पक्का करणं हाही हेतू होता. मोहिमेत चार जण दगावले. तिघे ३० डिसेंबर १९४६ ला 'जॉर्ज १' हे विमान धुक्यात बर्फावर आदळून. त्याच विमानातले सहा जण १३ दिवसांनी जिवंत सापडले. चौथा जानेवारीत, सामान उतरवताना झालेल्या अपघातात. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला ताफा परतला, कारण समुद्र गोठायला लागतो आणि पातळ पत्र्याची जहाजं त्यात अडकली तर वर्षभर सुटत नाहीत. पुढे १९४८ मध्ये या मोहिमेवर निघालेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. गुप्त पराभवावर कुणी असा चित्रपट काढत नाही.

मोहिमेचं खरं अपयश वेगळंच होतं, आणि त्यावर फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. हवेतून सुमारे ७० हजार छायाचित्रं काढली, पण जमिनीवरच्या खुणांची मोजमापं नसल्याने त्यांतली बरीचशी नकाशासाठी निरुपयोगी ठरली. पुढच्या हंगामात हेलिकॉप्टर घेऊन दुसरी मोहीम पाठवावी लागली, ती याच मोजमापांसाठी.

'ध्रुवाकडून येणाऱ्या विमानांचा धोका' हे मार्च १९४७ मधलं बर्ड यांचं विधानही खरंच आहे. ते शीतयुद्धाच्या भाषेत वाचा. सोव्हिएत संघाहून अमेरिकेला यायचा जवळचा हवाई रस्ता आर्क्टिकवरून जातो.

नाझी तळाचं म्हणाल, तर १९३८-३९ मध्ये आल्फ्रेड रिचर यांची जर्मन मोहीम खरोखर गेली होती. 'श्वाबेनलांड' जहाजावरून दोन विमानं उडवून त्यांनी फोटो काढले आणि उन्हाळा संपायच्या आत परत फिरले. तळ बांधला नाही. त्यांच्या शिरमाखर नावाच्या वैमानिकाला खडकाळ, बर्फमुक्त पट्टा दिसला, तो आजही शिरमाखर ओअ‍ॅसिस म्हणून ओळखला जातो. त्यावर कोण राहतं? आपण. भारताचं 'मैत्री' हे ठाणं तिथेच आहे, आणि मोहिमांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. दर हिवाळा भारतीय तुकडी त्या परिसरात काढते. नाझींचे वंशज असते तर एव्हाना चहाला आले असते.

कुलूपबंद खंडाच्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. १ डिसेंबर १९५९ चा अंटार्क्टिक करार बारा देशांनी केला, भारत १९८३ मध्ये सामील झाला. करारात लष्करी कारवायांना बंदी आहे, आणि सातव्या कलमानुसार निरीक्षक कुठल्याही देशाच्या ठाण्यावर केव्हाही जाऊ शकतात. पर्यटक दर वर्षी हजारोंनी जातात.

तोंड बंद केलं? १९५५ मध्ये बर्ड यांनाच अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमाचं प्रमुख नेमलं. जानेवारी १९५६ मध्ये ते पुन्हा दक्षिण ध्रुवावरून उडाले. ११ मार्च १९५७ ला बॉस्टनमधल्या घरी वारले, वय ६८.

बर्ड यांच्यावर शंका घ्यायचीच असेल तर जागा आहे, पण ती १९४७ मध्ये नाही, १९२६ मध्ये आहे. ९ मे १९२६ ला ते आणि वैमानिक फ्लॉइड बेनेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाहून निघाले आणि सोळा तासांच्या आत परतले, उत्तर ध्रुव गाठल्याचं सांगत. मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. अंतर जाऊन-येऊन २,४०० किलोमीटरहून जास्त. एवढ्या वेळात ते विमान तेवढं अंतर कापेल का, ही कुजबूज तेव्हापासूनच होती. पुढे ती बोलून दाखवणाऱ्यांत बर्न्ट बाल्खेनही होते, म्हणजे १९२९ मध्ये ज्यांनी बर्ड यांचं विमान दक्षिण ध्रुवावर नेलं तेच. १९९६ मध्ये बर्ड यांची खरी वही उजेडात आली. तिच्यात सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने घेतलेली सूर्याची काही मोजमापं खोडलेली आहेत, तरी वाचता येतात, आणि ती नंतरच्या अधिकृत अहवालाशी जुळत नाहीत. जाणकारांत अजून एकमत नाही. मला विचाराल तर ते ध्रुवापर्यंत पोचले नसावेत. तसं असेल, तर हवेतून तिथे पहिल्यांदा पोचण्याचा मान तीनच दिवसांनी 'नॉर्गे' या हवाई जहाजातून गेलेल्या अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या ध्रुवप्रवाशांचा ठरतो. बर्ड परतले तेव्हा त्यांचं अभिनंदन करणाऱ्यांत अमुंडसेनही होते.