'चुना टोचला की विषय संपला': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत तणासारखा पसरणारा एप्टेशिया हा ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) कसा काढायचा, यावरच्या माझ्या लेखाखाली परवा आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते. मी तिचा विपर्यास केला असं नंतर कुणी म्हणायला नको.

"ताई, लेख लांबलचक, उपयोग शून्य. पानवाल्याकडचा चुना सिरिंजने टोचला की विषय संपला. नाहीतर दगड काढून उकळत्या पाण्यात टाकायचा. बर्घिया कोण आणून देणार, तुम्ही? की कुठल्या दुकानाचं कमिशन आहे? आधी स्वतःची टाकी सांभाळा, मग लोकांना शिकवा."

खाली नाव नाही. (बर्घिया म्हणजे एप्टेशिया खाणारी समुद्री गोगलगाय, तिच्याबद्दल पुढे येतंच.) ताई म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात कमिशनचा आरोप करायचा, ही कुठली रीत? त्या लेखात एकाही दुकानाचं किंवा कंपनीचं नाव नाही, पुन्हा वाचून बघा. टाकी सांभाळण्याबद्दल म्हणाल, तर २००९पासून माझ्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आज दोन आहेत, एक ४५० लिटरची आणि एक ९० लिटरची. दोन्हींचे पीएच, क्षारता (अल्कलिनिटी) आणि नायट्रेटचे आकडे दर आठवड्याला वहीत उतरतात. दोन्हींत झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ पोवळी आहेत. दगडी पोवळी नाहीत, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत ती आहेत आणि ती घरात ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हे सगळं न विचारता "आधी टाकी सांभाळा" लिहून मोकळं होणं फार सोपं आहे.

एक चूक मात्र माझी आहे. चुन्याच्या मापात मी नुसतं "एक चमचा" लिहिलं होतं. तिथे ५ मिलिचा लहान चमचा असं हवं होतं. दुरुस्ती केली आहे. ही चूक तुम्ही दाखवली नाहीत, ती प्रतिक्रियेच्या निमित्ताने लेख पुन्हा वाचताना मलाच दिसली.

आता "विषय संपला" या दोन शब्दांकडे येते. लोकांच्या टाक्या बिघडतात त्या याच समजुतीमुळे.

एप्टेशिया संपवायला अवघड का, हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. हा ॲनिमोन दगडावर हळूहळू सरकतो आणि सरकताना पायाच्या कडेचे बारीक तुकडे मागे सोडतो. त्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन आठवड्यांत तोंड आणि शुंडा फुटतात. म्हणजे तुम्ही काहीही केलं नाहीत तरी तो वाढतोच, आणि अर्धवट फाडलात तर त्याहून जास्त वाढतो. पोवळ्यांचं आणि शैवालाचं सहजीवन अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळा हाच प्राणी मुद्दाम पाळतात, कारण एकापासून हुबेहूब तसेच शेकडो सहज करता येतात. २०१५ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही याच उपयोगापायी. ज्या प्राण्याला शास्त्रज्ञ तुकड्यांतून वाढवतात, तो सुईच्या एका टोचण्याने संपतो असं सांगणं नवख्या माणसाला खड्ड्यात घालणं आहे.

बाजूने सुई खुपसली की काय होतं ते सांगते. तो क्षणात आक्रसून भोकात जातो आणि अंगातून पांढरे दंशतंतू बाहेर टाकतो. तुमचा चुना त्याच्या अंगात न जाता दगडावर सांडतो. वरचा भाग जळतो, पाय आत शाबूत राहतो. आठवडाभर टाकी स्वच्छ दिसते, तुम्ही "संपला" म्हणता, आणि तीन आठवड्यांनी त्याच भोकाभोवती पाच बारकी तोंडं उघडलेली असतात.

चुन्याला माझा विरोध नाही. मूळ लेखाचा तिसरा भाग चुन्यावरच आहे, तो वाचला असतात तर ही प्रतिक्रिया लिहावी लागली नसती. चुना चालतो, पण तो त्याच्या तोंडावर ठेवायचा असतो, त्याने तो स्वतः आत ओढायला हवा. आधी टाकीत पाणी परत आणणारा रिटर्न पंप आणि लाटा करणारा वेव्हमेकर बंद करा. पाणी स्थिर झालं की मायसिसच्या (माशांना घालतात त्या बारीक गोठवलेल्या कोळंबीच्या) पाण्याचा एक थेंब त्याच्यावर सोडा म्हणजे तो पूर्ण उघडतो. टाकीवर वाकू नका, नुसत्या सावलीनेही तो मिटतो. १८ गेजची बोथट सुई लावलेल्या सिरिंजने त्याच्या तोंडावर पाण्यात कालवलेल्या चुन्याचा अर्धा मिलि लगदा सावकाश सोडा. इन्सुलिनची सुई घेऊ नका, लगद्याने ती पहिल्याच दाबात तुंबते आणि जोर केला की सुई निसटून चुना डोळ्यांकडे उडतो. गॉगल घातल्याशिवाय हे काम करायचं नाही. चुना डोळ्यात गेलाच तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुऊन तडक डॉक्टर गाठा. लगदा सोडल्यावर १५ मिनिटं थांबा, उरलेला चुना हवेच्या बारीक नळीने ओढून घ्या आणि मगच पंप सुरू करा.

त्याचा पाय भोकात असेल तर चुना ओढून घेतल्यावर ते भोक ॲक्वेरियमच्या दोन भागांच्या एपॉक्सीने बुजवा. चुना न घालता नुसती एपॉक्सी थापली तर तो कडेने वाट काढून बाहेर येतो.

एका बैठकीत किती ॲनिमोन करायचे याचाही हिशेब आहे, आणि "टोचला की संपला" म्हणणारे नेमका तोच सोडतात. लहान चमचाभर म्हणजे साधारण २.५ ग्रॅम कोरडं कॅल्शियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच शुद्ध चुना) १० मिलि आरओ पाण्यात कालवलं, तर अर्ध्या मिलित ०.१२५ ग्रॅम येतं. १ ग्रॅम चुना १०० लिटर पाण्यात पूर्ण विरला तर क्षारता सुमारे ०.७५ डीकेएचने (डीकेएच हे क्षारतेचं एकक) वाढते आणि पीएच त्या वेळी ०.३च्या आसपास उडी मारतो. एका बैठकीत पीएच ०.२पेक्षा जास्त चढू द्यायचा नाही. म्हणून १०० लिटरमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे चार ॲनिमोन, त्याहून एकही जास्त नाही. पुढची बैठक दोन दिवसांनी, पीएच परत खाली आलाय हे मोजल्यावर. रविवारी दुपारी बसून एकदम तीस टोचले की पीएच चढतो, पीएच चढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आणि त्याच वेळी मेलेले तीस ॲनिमोन कुजून नवा अमोनिया सोडत असतात. सकाळी कोळंबी उताणी पडलेली दिसते आणि माणूस दुकानदाराला दोष देतो.

आणि "पानवाल्याकडचा"! हा शब्द वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण सगळा हिशेब इथेच मोडतो. पुडीतला चुना ओला असतो. त्यात पाणी किती, चुना किती, हे तुम्हाला माहीत नाही, मग अर्ध्या मिलिमध्ये किती गेला ते कुठून कळणार? तो कुठल्या दगडाचा किंवा शिंपल्याचा भाजला, त्यात मॅग्नेशियम किती, आणखी काय मिसळलं आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. कोळंबी आणि गोगलगायींना तांब्याचा अंशही सोसत नाही. शिवाय जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो आणि त्याचा दाह जातो. खात्री करायची असेल तर त्याच्या चिमटीवर व्हिनेगर टाका. फसफसला तर तेवढा चुना खडू झालेला आहे. रसायनांच्या दुकानात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची ५०० ग्रॅमची बाटली मिळते, आणि झाकण घट्ट ठेवलं तर ती वर्षानुवर्षं पुरते. यात कमिशन कसलं?

उकळत्या पाण्याबद्दल एकच सांगते आणि ते ठणकावून सांगते: ज्या दगडावर झोअँथिड किंवा त्यांचाच एक प्रकार असलेले पॅलिथोआ आहेत किंवा कधी होते, तो दगड घरात उकळायचा नाही, भाजायचा नाही, कोरडा घासायचा नाही. पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते उष्णतेने मरत नाही आणि वाफेबरोबर श्वासात जातं. असे दगड उकळून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेली आहेत. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य कुणी वाचून केलं असतं तर जबाबदारी कोण घेणार होतं? नाव लिहिलं नाहीत, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? ते वाक्य मी काढून टाकलेलं नाही, पण त्याखाली लाल अक्षरात इशारा दिला आहे.

बर्घियाचं बोलायचं तर ती आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, हे खरं. म्हणून तो उपाय चुकीचा ठरत नाही. बर्घिया स्टेफनीए ही समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही आणि आपल्याला न दिसणाऱ्या भेगांत रात्री शिरते, जिथे कुठलीच सुई पोचत नाही. ज्यांना मिळेल त्यांनी ४५० लिटरला दहा-बारा सोडाव्यात, दिवे मालवल्यावर, पंप अर्धा तास बंद ठेवून आणि पंपांच्या तोंडाला स्पंज लावून. टाकीत सिक्सलाइन रॅस हा मासा असेल तर सोडू नका, तो त्यांना वेचून खातो. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. एप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी आणि फाइलफिश, कॉपरबँड हे मासे यांवर मूळ लेखात आहे तेवढं पुरे. एवढंच पुन्हा सांगते की पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप विकली जाते, ती झोअँथिड खाते. अंगावर पांढऱ्या रेघा आणि डोक्यावर वरखाली हलणारी चोच दिसली तर घेऊ नका.

तुम्ही पानाचा चुना आधीच टोचला असेल, तर आज रात्री एवढं करा: पीएच आणि अमोनिया मोजा, दगडावर राहिलेला पांढरा गाळ ओढून काढा, ताजा सक्रिय कोळसा लावा, आणि अमोनिया दिसत असेल तर तापमान आणि खारेपणा जुळवून १५ ते २० टक्के पाणी बदला. सम्प (टाकीखालची गाळणीची टाकी) आणि पाणी तिच्यात उतरतं तो ओव्हरफ्लोचा कप्पा टॉर्चने बघा. मोजणीतून सुटलेले एप्टेशिया बहुतेक वेळा तिथेच असतात. टाकी किती लिटरची, किती टोचले आणि दोन्ही आकडे काय आले, ते नावासकट खाली लिहा. मी उत्तर देईन.