सिम्फनीखाली ड्रम मशीन नको

वाद्यवृंदाच्या संगीतावर स्ट्रीट डान्स बसवायचा म्हटलं की एक उपाय हमखास केला जातो. सिम्फनीखाली ड्रम मशीनचा ठोका टाकतात, म्हणजे नाचणाऱ्यांना सोपं जातं म्हणे! माझा याला ठाम विरोध आहे. त्या ठोक्याखाली व्हायोलिन्स गुदमरतात, आणि नाचणाऱ्याला ठोक्यापलीकडे काही ऐकू येत नाही असं गृहीत धरणं हा त्याच्या कानाचा अपमान आहे.

लिल बक या अमेरिकन स्ट्रीट डान्सरचा २०११ चा व्हिडिओ बघा. यो-यो मा चेलोवर फ्रेंच संगीतकार सँ-साँसचा ‘स्वान’ वाजवताहेत. त्या रचनेत ड्रम नाहीच. लिल बक मेम्फिसच्या जूकिन या स्ट्रीट डान्स शैलीत वाढलेला. तो बुटांच्या टोकांवर उभा राहतो, घसरत जातो, आणि चेलोचा सूर लांबला की त्याचा घोटाही सावकाश वळत राहतो. कुठे थांबायचं ते त्याला चेलोचा गज सांगतो.

२०१९ मध्ये पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात फ्रेंच संगीतकार रामोचा १७३५ चा ऑपेरा-बॅले, म्हणजे गाणं आणि नाच दोन्ही असलेला, ‘ले झँद गालाँत’ झाला. नृत्यरचना बिंतू देंबेले यांची. त्यातला लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला क्रम्प हा स्ट्रीट डान्स, म्हणजे छातीचे झटके आणि आपटलेले पाय, त्या बरोक काळातल्या संगीतावर उपरा वाटत नाही. का वाटावा? रामोने हे लिहिलंच मुळी नाचण्यासाठी!

खरी अडचण लयीची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. डीजेच्या ट्रॅकचा वेग ठरलेला. कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, मात्र एखाद्या वळणावर रेंगाळतो, पुढे ओघात वेग घेतो. एअरफ्लेअर, म्हणजे हातांवर उसळत अंग हवेत गरगर फिरवण्याची ब्रेकडान्सची चाल, मारणाऱ्या मुलीला हवेत थांबता येत नाही. तिचा हात जमिनीला टेकणार तेव्हाच टेकणार, सूर मागून आला तर सगळी मजा गेली. त्यात नर्तक महिनोन्महिने रेकॉर्डिंगवर तालीम करतात आणि वादक अगदी शेवटी येतात. इतक्या वादकांची तालीम महाग पडते, मान्य. पण एकटा कंडक्टर आणि एक पियानोवादक तर सुरुवातीपासून डान्स स्टुडिओत येऊ शकतात ना? कंडक्टरने नाचणाऱ्यांचा श्वास बघून हात उचलायला शिकावं, नाचणाऱ्यांनी त्याच्या हातातली काठी वाचायला. एवढी मेहनत घ्यायची नसेल तर हा घाट घालूच नका.

आणि हो, पोस्टरवर कंडक्टरचं नाव ठळक आणि खाली घाऊक ‘स्ट्रीट डान्सर्स’, हे बंद करा. प्रत्येकाचं नाव छापा, वादकांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात.