अँडी रीड यांचा टाइट एंड म्हणजे एकटा केल्सी नव्हे

कॅन्सस सिटी चीफ्सचे प्रशिक्षक अँडी रीड यांना टाइट एंडच्या वापरातलं काही विशेष कळत नाही, असा एक दावा अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांमध्ये सतत फिरत असतो. त्यातले आरोप साधारण असे: रीड यांना ट्रॅव्हिस केल्सी हा टाइट एंड मिळाला, एवढंच त्यांचं कर्तृत्व. त्याआधी त्यांच्याकडे टाइट एंडला किंमत नव्हती. केल्सीचे आकडे ही खरं तर पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या, पॅट्रिक माहोम्सच्या हाताची कमाई. केल्सी ब्लॉक करत नाही, म्हणजे समोरच्याला अडवत नाही, नुसता चेंडू झेलतो. आणि तो नसला की सगळं आक्रमण कोसळतं. हे वाचलं की मला राग येतो, कारण गेली तीसेक वर्षं एक माणूस जे काम निगुतीनं करत आला आहे, ते एका वाक्यात पुसून टाकलं जातं.

खेळ नव्यानं बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टाइट एंड आक्रमणाच्या रांगेच्या टोकाला, टॅकल नावाच्या ब्लॉकरच्या शेजारी उभा राहतो. समोरच्याला अडवणं हे त्याचं काम, आणि सुटून चेंडू झेलणं हेही त्याचंच. त्यामुळे स्नॅप होईपर्यंत, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होईपर्यंत, बचावाला कळत नाही की आता धाव आहे की पास.

आधी "केल्सीच्या आधी काय होतं?" हा प्रश्न घेऊ. रीड स्वतः ब्रिगम यंग विद्यापीठाकडून आक्रमणाच्या रांगेत खेळलेले. ग्रीन बे पॅकर्समध्ये माइक होल्मग्रेन यांच्या हाताखाली ते टाइट एंडचेच प्रशिक्षक होते. पॅकर्सनी सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला त्या 1996च्या हंगामात त्यांच्या हाताखालच्या कीथ जॅक्सननं 10 टचडाउन (गोलरेषेपार नेलेले चेंडू) झेलले. 1999मध्ये ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी संघात सर्वाधिक झेल होते चॅड लुईसचे, 69. लुईस टाइट एंड. 2009मध्ये पुन्हा तेच: ब्रेंट सेलेकचे 76 झेल आणि त्यांवर 971 यार्डांची मजल. सेलेक हा काही उद्याचा महानायक म्हणून गाजावाजा झालेला खेळाडू नव्हता. नावं बदलली, पण जागेचं महत्त्व तेच राहिलं.

केल्सी "मिळाला" म्हणतात, त्यांनी 2013चा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं, आठवावा. तो तिसऱ्या फेरीत, 63व्या क्रमांकावर गेला. म्हणजे बाकीच्या सगळ्या संघांना तो घेता आला असता. शाळेत क्वार्टरबॅक असलेला हा मुलगा पहिला हंगाम गुडघ्याच्या दुखण्यात जवळजवळ पूर्ण मुकला, तरी त्याच्यासाठी थांबण्याची तयारी रीड यांनी दाखवली.

माहोम्सचा मुद्दा तर तारखांनीच निकालात निघतो. केल्सीनं 2016मध्ये 1,125 आणि 2017मध्ये 1,038 यार्ड केले, तेव्हा चेंडू फेकत होता अॅलेक्स स्मिथ. माहोम्स नियमित खेळू लागला 2018पासून.

आता ब्लॉकिंग. इथे विरोधकांचं थोडं खरं आहे: केल्सी हा अव्वल ब्लॉकर नाही. पण यावरून रीड यांना ब्लॉकिंगची पर्वा नाही असं म्हणणाऱ्यांनी नोआ ग्रेकडे पाहिलेलंच नाही. धावेच्या डावात रांगेच्या एका बाजूचा बचावपटू मुद्दाम मोकळा सोडतात आणि ग्रे दुसऱ्या बाजूनं, सगळ्या रांगेच्या मागून आडवा धावत येऊन त्याला अडवतो. पुढे कधीतरी तोच ग्रे तशीच धाव घेतो, अडवण्याचा नुसता आव आणतो आणि कडेला सुटतो. आधीचे इमानदारीचे ब्लॉक नसते, तर ही फसवणूक चाललीच नसती. एक यार्ड हवा असतानाही रीड यांना टाइट एंड आठवतो. अशा वेळी क्वार्टरबॅकनं घुसणं धोक्याचं: ऑक्टोबर 2019मध्ये डेन्व्हरला माहोम्स स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी सरकली. पुढे 2022मध्ये टँपाविरुद्ध ग्रेला थेट सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) मागे उभं केलं, त्यानं स्नॅप घेतला आणि घुसून टचडाउन केला.

त्याच 2022मध्ये या विचाराची खरी परीक्षा झाली. लांबचे पास झेलणारा टायरिक हिल मायामीला गेला, आता लांब पल्ल्याचं आक्रमण संपलं असं सगळीकडे बोललं गेलं. रीड यांनी एकाच वेळी तीन टाइट एंड मैदानात उतरवणं वाढवलं. समोर तीन धिप्पाड माणसं दिसली की बचावाला चपळ कॉर्नर (पास रोखणारे बचावपटू) बाहेर काढून वजनदार लाइनबॅकर (धाव रोखणारे बचावपटू) आणावे लागतात, नाहीतर धावेत चेंगरायला होतं. ते आले की माहोम्स पास फेकणार, आणि हळू पायांच्या लाइनबॅकरला टाइट एंडमागे पळावं लागणार. बचावानं काहीही निवडलं तरी चूक ठरावी, अशी ही मांडणी. त्या हंगामात माहोम्सचे 5,250 यार्ड, लीगमध्ये सर्वाधिक, आणि शेवटी सुपर बोल. ऑक्टोबरमध्ये रेडर्सविरुद्ध 17-0 अशी पिछाडी असताना केल्सीनं चार टचडाउन झेलले आणि चीफ्स 30-29 जिंकले. त्या सामन्यात त्याचे एकूण यार्ड होते फक्त 25. गोलरेषेच्या तोंडाशी, अरुंद जागेत त्याला कुठे उभं करायचं, याचा तो वस्तुपाठ होता.

"मग केल्सी मनानं पळतो, त्यात रीड यांचं काय?" हेही विचारलं जातं. 23 जानेवारी 2022चा बफेलोविरुद्धचा सामना घ्या. तीन गुणांची पिछाडी, घड्याळात 8 सेकंद. समोरचा बचाव पुन्हा तसाच उभा राहिला तर आखलेला मार्ग सोडून सरळ मधून धावेन, असं केल्सीनं माहोम्सला आधी सांगून ठेवलं होतं. बचाव तसाच उभा राहिला, माहोम्सनं स्नॅपआधी ओरडून होकार दिला, 25 यार्ड मिळाले आणि किकर बटकरच्या 49 यार्डांच्या किकनं बरोबरी झाली. अशी मुभा देणारे प्रशिक्षक थोडे. समोरचा माणूस अंगावर असेल तर पळत राहा, बचाव जागा धरून असेल तर मोकळ्या फटीत थांब, हे रीड यांच्याकडे सरावात घोटून घेतलं जातं. त्या तयारीवरच ही मुभा मिळते.

राहता राहिलं "तो नसला की कोसळतं". डिसेंबर 2021मध्ये कोविडमुळे केल्सी बाहेर होता, चीफ्सनी पिट्सबर्गला 36-10 हरवलं. सप्टेंबर 2023मध्ये डेट्रॉइटविरुद्ध तो गुडघ्यामुळे नव्हता आणि चीफ्स 21-20 हरले. हाच सामना पुरावा म्हणून दाखवतात. त्या दिवशी चीफ्सच्या दोन टचडाउनपैकी एक झेलला होता ब्लेक बेलनं, तोही टाइट एंडच. डेट्रॉइटचा एक टचडाउन आला तो कडेरियस टोनीच्या हातातून निसटलेल्या चेंडूवरून, आणि टोनी खेळत होता वाइड रिसीव्हर म्हणून, म्हणजे कडेनं धावून पास झेलणारा, टाइट एंड नव्हे.