शिरढोणचा वाडा आणि आईची तब्येत

शनिवार-रविवारी पळस्पे फाट्यावर काय होतं ते ज्यांनी भोगलंय, ते मला दोष देणार नाहीत. म्हणून मी शुक्रवार निवडला. सकाळी सातला साहेबांना मेसेज गेला, ‘आईची तब्येत बरी नाही, आज येत नाही.’ त्या क्षणी आई ओट्याशी उभी राहून अकरावं थालीपीठ थापत होती.

बेत साधा होता. नेरूळहून निघायचं, शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा बघायचा, मुलांच्या कानावर थोडा इतिहास घालायचा आणि दुपारी घरी. वाडा म्हणजे काय हेच आमच्या मुलांना माहीत नाही. ठमीच्या मते लिफ्ट नाही म्हणजे इमारत पडकी.

कळंबोली येईपर्यंत चिनूला दोनदा आणि ठमीला एकदा ‘लागली’. पनवेलला दोघांना भूक. गोवा हायवेला कर्नाळ्याचा सुळका दिसला तसा मी वेग कमी केला आणि गंभीर आवाज लावला, “तो बघा किल्ला. फडक्यांचे आजोबा तिथले किल्लेदार. १८१८ साली इंग्रजांनी घेतला.”

चिनूने मोबाइलमधून मान वर काढली. सुळका हुबेहूब अंगठ्यासारखा आहे.

“कुणीतरी लाइक केलंय,” म्हणाला आणि मान परत खाली.

वाड्यात पाऊल टाकताच ठमीने विचारलं, “बाथरूम कुठंय?” प्रश्न अभ्यासाचा आहे की तातडीचा, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. बायको तिला घेऊन पळाली. मी उरलेल्या श्रोत्याला धरलं. ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म वगैरे भराभर उरकून गोष्टीवर आलो.

“पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. इकडे आई फार आजारी पडली. त्यांनी रजा मागितली, साहेबाने वेळेवर दिलीच नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली.”

इथे माझा आवाज खरंच जड झाला. चिनूने मोबाइल खिशात घातला. बापाच्या आयुष्यात असे क्षण मोजके.

“त्यांची आई खरंच आजारी होती?”

“हो रे.”

“मग त्यांना नाही दिली, आणि तुम्हाला कशी दिली?”

पायरीवर टेकलेली आई वळली. “कुणाची आई आजारी आहे?”

नुकत्याच परतलेल्या बायकोला छपराची लाकडं अचानक फार आवडली.

“मला झालंय काय, ते तरी सांगून ठेव,” आई म्हणाली. “उद्या कुणी विचारलं तर?”

“ताप,” मी पुटपुटलो.

“किती?”

विषय बदलायला मी एडन काढलं, आणि इथेच चुकलो. १८७९ साली पकडले गेल्यावर फडक्यांना जन्मठेपेवर एडनला पाठवलं. तिथे कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते निसटले. पुन्हा पकडल्यावर त्यांनी अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला ते गेले. मला मुलांना शेवट सांगायचा होता. मुलांनी मधलंच उचललं.

“बिजागरी म्हणजे?”

मी गाडीपाशी नेऊन दाराची बिजागरी दाखवली. खिळ कुठे असते, स्क्रू कुठे, वजन कशावर पेलतं, सगळं. इतकं मन लावून मी आजवर त्यांना काहीच शिकवलं नव्हतं, आणि इतकं मन लावून त्यांनीही काही ऐकलं नव्हतं. परतीच्या वाटेवर कुणालाही लागली नाही.

रविवारी दुपारी डुलकी काढून उठलो तर बाथरूमचं दार भिंतीला टेकून उभं. शेजारी स्क्रूड्रायव्हर आणि घामाघूम झालेले दोन क्रांतिकारक. सुताराला फोन केला. मंगळवारी सकाळी अकरा, नाहीतर थेट पुढच्या आठवड्यात.

मी साहेबांचा नंबर काढून मेसेज जुळवायला बसलो. ‘आईची’ एवढंच टाइप झालं होतं.

“या वेळी माझं नाव घालू नकोस,” दाराऐवजी बांधलेल्या चादरीमागून आवाज आला. “मला बरं वाटतंय.”