नव्याचे नऊ टक्के

आमच्या गोतावळ्यात कुणाचाही संगणक अडला की फोन मला येतो. हा मान मला कधी मिळाला ते आठवत नाही. कुणाच्या तरी प्रिंटरची निसटलेली वायर मी खोचून दिली असेन आणि तेव्हाच कपाळावर शिक्का बसला असेल. या मानासोबत आलेली कायमची कटकट म्हणजे, प्रोसेसरची नवी पिढी बाजारात आली रे आली की ताईचा फोन येतो.

"नवीन आलाय म्हणे रे. घेऊ का?"

"नको."

"का?"

"तुला फरक कळणारसुद्धा नाही."

ताईला यात अपमान वाटतो, पण मी बोलत असतो तिच्या कामाबद्दल. ती हिशेबाचे तक्ते भरते, ईमेल बघते, व्हिडिओ बघते आणि बेचाळीस टॅब उघडे ठेवते, कारण एकदा बंद केलेला टॅब परत सापडत नाही अशी तिची श्रद्धा आहे. एकदा मी टास्क मॅनेजर उघडून तिचा प्रोसेसर किती राबतो ते दाखवलं. आकडा होता ४ टक्के. मला वाटलं, आता हिचं समाधान होईल. ती हळहळली. "म्हणजे शहाण्णव टक्के फुकटच जातंय?" रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की तिचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

मग मी तिला संगणक-अभियंता जीन अ‍ॅमडालने १९६७ साली मांडलेलं गणित ऐकवलं. (मूळ वाद समांतर चालणाऱ्या यंत्रांचा होता, पण ताईला चालतं.) समज, एखादं काम व्हायला १० सेकंद लागतात. त्यातले ८ डिस्क आणि इंटरनेटची वाट बघण्यात जातात, प्रोसेसरचे फक्त २. आता प्रोसेसर सव्वापट जलद आणला. दोनाचे झाले १.६. म्हणजे दहाचे झाले ९.६. एवढ्या वेळात माणसाची जांभईसुद्धा पुरी होत नाही. तिच्या जुन्या संगणकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. माहितीचा एक तुकडा शोधायला तिला दहाएक मिलिसेकंद लागायचे, एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कला, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका वेळ पुरतो. वर्षानुवर्षं ताई शिव्या घालत होती प्रोसेसरला. चोर सोडून संन्याशाला फाशी! एसएसडी बसवून दिली, रॅम वाढवून दिली आणि पुढची काही वर्षं "नको" या एका शब्दावर काढली.

इथपर्यंत वाचून मी शहाणा माणूस आहे असं कुणाला वाटलं असेल तर तो समज लगेच दूर करतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी ओव्हरक्लॉकर आहे.

ओव्हरक्लॉकर म्हणजे ज्याला कारखान्याने ठरवून दिलेला वेग हा सल्ला वाटतो, तो. या व्यसनाची सुरुवात फुकटात झाली, हीच गोची आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक (बसच्या वेगाला ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो, तो) साडेचारवर बंद होता, पण मदरबोर्डावरच्या बसचा, म्हणजे माहितीच्या हमरस्त्याचा, वेग ६६ मेगाहर्ट्झवरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचं हे पोर थेट ४५० वर धावायचं. दीडपट! एवढी लॉटरी एकदा लागली की माणूस जन्मभर तिकिटं काढत राहतो.

मला ती पुन्हा लागली २०११ मध्ये, कोअर आय-फाइव्ह २५००के घेतला तेव्हा. कागदावर ३.३ गिगाहर्ट्झ. (टर्बोवर, म्हणजे आपणहून घेतलेल्या जादा वेगावर, ३.७ जायचा, मला माहीत आहे, लगेच पत्र लिहू नका.) मी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन गुणक ४५ केला, व्होल्टेज चिमूटभर वाढवलं आणि तो ४.५ वर असा बसला की जणू जन्मापासून तिथेच होता. मी त्या रात्री कॉलर ताठ करून झोपलो. अभियंत्यांच्या फौजेला जे जमलं नाही ते मी तीन बटणांत केलं होतं!

अर्थात त्यांना ते जमत होतंच. एका साच्यातून निघालेल्या चिपांमध्ये सगळ्यात मठ्ठ चिपेलाही झेपेल असा वेग लिहायचा, आणि वर थोडी शिल्लक ठेवायची, असा तेव्हाचा रिवाज. मी त्या शिलकीवर डल्ला मारत होतो आणि त्याला कौशल्य म्हणत होतो.

मग पिढ्या येत गेल्या आणि शिल्लक आटत गेली. २०१२ च्या आयव्ही ब्रिज या इंटेलच्या पिढीमध्ये चिप आणि तिच्यावरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये आधीच्या डाखाऐवजी पेस्ट भरली होती. वेग वाढवला की तो असा तापायचा की हौशी लोक दाढीच्या ब्लेडने झाकण उचकटून आतली पेस्ट बदलायचे. मी त्या वाटेला गेलो नाही. मला दाढी करतानाही रक्त येतं. २०१७ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा ७७००के आदल्या ६७००केच्याच रचनेचा होता, वेगाचे आकडे तेवढे किंचित वाढलेले. मार्चमध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिचा रायझन आला आणि आठ कोअर, म्हणजे एका प्रोसेसरात आठ मेंदू, सामान्यांच्या टेबलावर आले, ती मात्र खरी उलथापालथ. पण वेग वाढवायला जावं तर तो ४ गिगाहर्ट्झच्या आसपास कुंपणाला टेकायचा.

आता तर सगळा मामलाच उलटा झालाय. आजचा प्रोसेसर स्वतःचं तापमान, स्वतःचा विद्युतप्रवाह क्षणोक्षणी मोजतो आणि जितकं पळता येईल तितकं आपणहून पळतो. २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले बडे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापूनच काम करायचं अशा बेताने बनवलेले. २०२३ चा इंटेल १४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झचा टर्बो घेऊन आला. धुणं आधीच पिळून दोरीवर घातलंय. मी आणखी पिळायला गेलो तर थेंब निघत नाही, मनगट दुखतं.

त्याहून मोठा अपमान २०२२ च्या एप्रिलमध्ये झाला होता. रायझन ५८००एक्स३डी. चिपेवर कॅशचा, म्हणजे हाताशी असलेल्या झटपट स्मृतीचा, आणखी एक मजला चढवलेला, एकूण ९६ मेगाबाइट, आणि गुणकाला कुलूप. हात लावायचा नाही! आणि संगणकावरच्या खेळांत तोच भल्याभल्यांच्या पुढे. म्हणजे आम्ही रात्र रात्र जागून जे कमवायचो, ते वरचा मजला बांधून त्यांनी दिलं आणि दारावर पाटी लावली: हात लावू नये.

हे सगळं मला ठाऊक होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के वीज कमी पितो, पण बऱ्याच खेळांत स्वतःच्याच थोरल्या भावाच्या मागे पडतो, हेही ठाऊक होतं. नवी पिढी म्हणजे जलद पिढी असं काही नसतं, हे मी ताईला फोनवर समजावून सांगितलं, फोन ठेवला आणि नवा प्रोसेसर मागवला.

कुठला ते सांगत नाही. दोन्ही कंपन्यांचे भक्त मला ओळखतात.

नवा प्रोसेसर कधी एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. सॉकेट, म्हणजे चिप बसते ती खोबण, बदललं, म्हणून मदरबोर्ड नवा. मदरबोर्डाला डीडीआर५ हवी, म्हणून रॅम नवी. कूलरच्या पकडीची भोकं जुळेनात, म्हणून पकड नवी. जुन्या संगणकातला माझा फक्त डबा उरला, आणि त्याचीही एक बाजू मी परत बसवलेली नाही.

सॉकेटची कडी दाबण्याबद्दल दोन शब्द. हजारावर बारीक पिनांवर ती चिप नुसती ठेवायची, आणि मग एक कडी अशा जोराने दाबायची की एरवी तेवढा जोर फक्त अडकलेल्या दारासाठी वापरतो. दाबताना करकर आवाज येतो. हा आवाज यायलाच हवा असं सगळे सांगतात. माझा जीव तरीही प्रत्येक वेळी घशात येतो, कारण काहीतरी मोडतानाही नेमका हाच आवाज येत असणार.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. दोन मिनिटं काळा. मी बंद केलं. रॅम काढून पुन्हा बसवली, चालू केलं. काळा. तीन मिनिटं. बंद. मदरबोर्डावरची गोल बॅटरी काढली, बोटात धरून पाच मिनिटं तिच्याकडे बघत बसलो, परत लावली. काळा. तेव्हा कुठे मी माहितीपुस्तिका उघडली. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमचं 'मेमरी ट्रेनिंग' चालतं, त्याला काही मिनिटं लागू शकतात, तोवर वीज बंद करू नये. बोर्ड आपल्या रॅमशी कुठल्या ठेक्यावर बोलायचं ते जुळवत असतो, आणि मी दर वेळी तबला लागत आला की मैफल बंद करत होतो.

रात्री एक वाजता बायको पाणी प्यायला उठली. "बंद संगणकासमोर काय करतोयस?"

"बंद नाहीये. मेमरी ट्रेनिंग चालू आहे त्याचं."

"हो? मग तूही बस त्याच्यात. गॅस सिलिंडरचं सांगितलं होतं."

ती गेली आणि पडदा उजळला. संगणकालाही बहुधा तिचं ऐकायची सवय आहे.

पुढच्या सहा रात्री ओव्हरक्लॉकिंगच्या. तपासणीसाठी प्राइम९५ लावलं. गंमत बघा, हा प्रोग्रॅम १९९६ पासून जगभरच्या लोकांच्या संगणकांवर मर्सेन मूळसंख्या (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधतोय, निखळ गणिताचं पुण्यकर्म. आमची जमात तो वापरते प्रोसेसर तापवायला. सापडली एखादी मूळसंख्या तर आम्ही ती बघणारही नाही, आमचं लक्ष थर्मामीटरवर. गणित चुकलं की तो सांगतो: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. शाळेत गुरुजी याच सुरात सांगायचे.

दर वेळी तो हे सांगे, दर वेळी मी व्होल्टेज वाढवी. आता यातली ग्यानबाची मेख अशी, की चिपेची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मी ५ गिगाहर्ट्झचे ५.२ केले, म्हणजे ४ टक्के. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० वर नेलं. गुणाकार करून बघा, वीज २२ टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर येते. सहाव्या रात्री प्रोसेसर स्थिर झाला. थर्मामीटर कमाल मर्यादेला टेकला, प्रोसेसरने जीव वाचवायला आपणहून वेग उतरवला, आणि चाचणीचा आकडा आला तो हात लावण्याआधीच्या आकड्यापेक्षा कमी.

सहा रात्री जागून मी एक नवाकोरा प्रोसेसर हळू केला होता.

या पंथात खरे मर्द वेगळे आहेत. ते वर पेला बसवतात आणि उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओततात. २०२२ च्या अखेरीला तर द्रव हेलियम वापरून ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली. त्यांना नवी पिढी हवीच हवी, कारण जुन्या चिपेवर नवा विक्रम सहसा होत नाही. शिवाय तो वेग पुरावा नोंदवला जाईपर्यंत टिकला की पुरे. मला त्याच संगणकावर वीजबिल भरायचं असतं.

सातव्या रात्री सगळं पूर्ववत केलं आणि वैतागून व्होल्टेज उलट थोडं कमी केलं. प्रोसेसर थंड, पंखे गप्प, वेग जवळजवळ तोच. पंचवीस वर्षं मी बटण चुकीच्या दिशेने दाबत होतो की काय! हल्ली म्हणे यालाच खरं ट्यूनिंग म्हणतात. म्हणोत. यात कॉलर ताठ होत नाही.

हिशेबही करून टाकला. व्हिडिओ रूपांतराचं माझं ठरावीक काम जुन्यावर ११ मिनिटांत व्हायचं, नव्यावर १० मिनिटं ५ सेकंदांत. नऊ टक्के. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, मला टक्के मिळाले. दर खेपेला ५५ सेकंद वाचतात. जुळवाजुळवीत आणि रात्रजागरणात माझे धरा वीस तास गेले. ते भरून निघायला तेराशेवर व्हिडिओ लागतील. महिन्याला मी दोन करतो. म्हणजे साडेचोपन्न वर्षांत माझी वसुली होईल, मध्ये आणखी नवी पिढी आली नाही तर.

आणि ताई? तिला "नको, नको" म्हणता म्हणता १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची मंडळी, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, नाहीत. ताईचा संगणक २०१५ चा. वेगात काडीचा दोष नसलेला, ४ टक्के राबणारा तो बिचारा केवळ जन्मसाल चुकलं म्हणून बाद. इतकी वर्षं मी तिला वेगाची गणितं ऐकवली आणि निकाल भलत्याच मुद्द्यावर लागला. ताईने मला हे एकदाही ऐकवलं नाही. तिने नुसतं विचारलं, "तुझा जुना काय करणारेस?"

मी निमूटपणे माझा आदला प्रोसेसर, बोर्ड, रॅम एका डब्यात बसवून तिला नेऊन दिलं. दोन दिवसांनी फोन.

"अरे, ते टास्क मॅनेजर उघडून बघितलं. एकच टक्का दाखवतंय."

"छान आहे की!"

"छान काय? नव्याण्णव टक्के फुकट! मी सत्तर टॅब उघडून ठेवलेत आता. तरणाताठा आहे, असा बसलेला बघवत नाही."