आबांना कितवा महिना?

आबा ऊसतोडीचे मुकादम. मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटायचे दिवस असल्यामुळं ते हल्ली पारावर कमीच दिसतात. त्या दिवशी आले, बुलेट पिंपळाला टेकवली आणि नेमके सुहासच्या तावडीत सापडले.

"आबा, तुमच्या टोळीत किती कोयते?"

"अठरा. का, येतो का?" (कोयता म्हणजे ऊस तोडणारं एक जोडपं.)

सुहास पुण्याला सहा वर्षं राहून आल्यापासून त्याला अडचण दिसतच नाही, थेट सोल्यूशन दिसतं. निमित्त त्या 843च्या बातमीचं. ऊसतोडीला निघायच्या आधी गर्भाची पिशवी काढलेल्या आपल्याच बीड जिल्ह्यातल्या 843 बाया. त्यानं लॅपटॉप उघडून आपलं नवं ॲप दाखवलं. प्रत्येक बाईची नोंद, पाळीची तारीख, अंगातलं रक्त, गरोदर असेल तर तपासणीची आठवण, आणि कलेक्टर साहेबांच्या टेबलावर डॅशबोर्ड. लाल टिपके, हिरवे टिपके. पहिल्याच पानावर इस्त्रीच्या साडीतली एक गोरीपान बाई फोनकडं बघून हसत होती.

"ही कुठल्या कारखान्याला जाते रे?" भागवतनं विचारलं.

भागवत आरोग्य केंद्रात डाटा एन्ट्रीला आहे. कंत्राटी, अकरा वर्षं. रोज ज्या रकान्यांत तो आकडे भरतो, त्यांच्याबद्दल कुणी भक्तिभावानं बोलायला लागलं की त्याला चहा कडू लागतो.

नाना गुरुजींनी घसा साफ केला. "बंग डॉक्टरांचा गडचिरोलीतला अभ्यास. 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन गावांतल्या 650 बाया तपासल्या. शंभरातल्या 92 जणींना काही ना काही आजार. अंगावरून जाणं, दुखणं, सूज. आणि त्याआधी तपासणी झालेल्या किती? शंभरात आठ."

"बघा! आणि तेव्हा मोबाईल नव्हते," सुहास म्हणाला.

"नव्हते ना," भागवत म्हणाला. "म्हणून तर बायांशी बोलावं लागलं."

"पण ते स्केल होत नाही."

"स्केल म्हणजे पट्टी," नाना म्हणाले. "सातवीत तुझ्या हातावर दोन मोडल्यात. आणि शेळ्यांच्या ॲपचे माझे पाचशे कधी देतोस?"

इथं दहा मिनिटं गेली. शेळ्यांचं ॲप, मग गेल्या गणपतीचं पावतीपुस्तक, मग ते नक्की कुणाच्या मेव्हण्याकडं राहिलं. मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मेव्हणा माझा.

विषय भागवतनंच परत आणला. "2019 मध्ये आपल्या जिल्ह्यात सर्वे झाला, ऊस तोडणाऱ्या 82 हजार बायांचा. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. घरोघर जाऊन विचारलं तेव्हा हा आकडा आला. त्यानंतर नियम झाला, खासगीत पिशवी काढायची तर सिव्हिल सर्जनची परवानगी. चांगला नियम आहे. पण बाई पिशवी काढायला का जाते, ते कुठं लिहिलंय? पाळीत पोट दुखतं, चार दिवस पडून राहिली की खाडा. खाड्याचे पैसे कोण कापतं, आबा?"

आबा बुलेटच्या आरशात मिशी बघत होते. "वरून माझे कापतात ना. मी काय पदरचे घालू?"

"सुहास, तुझ्या ॲपात खाड्याचं बटण आहे का?"

सुहास म्हणाला, ते पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. म्हणजे नाही. तरी हटला नाही. निदान आठवणीचा फोन तरी जाईल की, म्हणाला. सरकारची गरोदर बायांसाठीची फोनसेवा 'किलकारी' आहेच, 2024 पासून आपल्याकडं मराठीत आलीय. चौथ्या महिन्यापासून पोर वर्षाचं होईपर्यंत, एकूण 72 फोन. अडाणी बाईलाही ऐकू येतं.

हे मात्र त्याचं खरं होतं, आणि भागवतनंही मान हलवली. "फोन चांगलाच आहे. पण नंबराच्या रकान्यात मी काय भरतो, विचार. नवऱ्याचा. नवरा रिचार्ज मारत नसला तर दिराचा. देशातल्या शंभरातल्या 54 बायांकडं स्वतः वापरायचा फोन होता, हा 2019-21च्या सरकारी सर्वेचा आकडा. उरलेल्या 46 माझ्याकडं येतात आणि म्हणतात, दादा, कुणाचा पण टाका."

आम्ही पाच बाप्ये पिंपळाखाली बसून बायांच्या पाळीवर तावातावानं बोलत होतो, हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं. म्हणजे आणून देण्यात आलं.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. त्यांच्या फोनची जुनी खोड, उचलला की स्पीकरच चालू होतो. बाईचा गोड आवाज: पाचव्या महिन्यात बाळाची वाढ, लोहाच्या गोळ्या रोज घ्या, जड कामं करू नका.

दोन सेकंद कुणी बोललं नाही.

"आबा," नाना म्हणाले, "सांगायचं तरी! पेढे राहिले."

पार हादरला. चहावाल्याच्या हातातली किटली खाली टेकली. आबांनी फोन कापायला बटण शोधलं तर आवाज आणखी वाढला.

"टोळीतल्या पोरीचा हाय," आबा म्हणत होते. "तिच्याकडं फोन नाही, मीच म्हणलं माझा टाक."

"निघायच्या टायमाला कितवा लागंल तिला?" भागवतनं विचारलं.

आबांनी बोटं मोजली. "आठवा. नववा."

"आणि उचल?"

"घेतली ना नवऱ्यानं."

फोनमधली बाई अजून बोलतच होती. नानांनी कान पुढं केला. "ते राहू दे. गोळ्या घेतो का रे रोज?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "घेतो की. पण सकाळी मळमळतं."

सुहाससुद्धा हसला. लॅपटॉप मिटला आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या चहाचे पैसे त्यानं दिले. नानांनी त्यातूनही पाचशे वळते करायचा प्रयत्न केला.